अकराचा ठोका

ज्या घरातील मुले शाळेत जातात, त्या घराची सकाळ शाळा ठरविते. चूल किती वाजता पेटावी, न्हाणीघरात आधी कोणी शिरावे, डब्यात पोळी द्यावी की पोहे, आणि वडील माणसाने नेमक्या कोणत्या क्षणी आवाज चढवावा, ह्या सर्व बाबींचा निकाल घरापासून मैल-दोन मैल दूर असलेल्या एका घंटेने आधीच लावून ठेवलेला असतो. ही घंटा फार जुलमी आहे, अशी तक्रार आई-बाप नित्य करीत असतात. परंतु जुलमी धन्याचा एक फायदा असतो. तो हा की, काय करावे ह्याचा विचार नोकरास करावा लागत नाही. आमच्या घरी ही घंटा नाही. आमची दोन्ही मुले, नऊ वर्षांची थोरली मुलगी आणि सहा वर्षांचा धाकटा मुलगा, घरीच शिकतात. त्यामुळे आमची सकाळ निर्नायकी आहे, आणि निर्नायकी राज्यात जो तो राजा होण्याची जी धडपड करतो, ती आमच्या घरीही रोज डोके वर काढू पाहते. तिला आळा घालण्याकरिता आम्ही उभयतांनी जो दिनक्रम बसविला आहे, त्याविषयी, आणि तो पाळता पाळता आमच्या प्रत्ययास आलेल्या एका गोष्टीविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

कायद्याची बाब आधी उरकून घेऊ. कारण आमच्याकडे येणारा पाहुणा चहाचा पेला हाती घेण्यापूर्वीच ती काढतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा अधिनियम 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. मुलास शाळेत घालणे हे आई-बापांचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. परंतु ते न केल्यास आई-बापांस अमुक शिक्षा होईल, असे त्यात कोठेही सांगितलेले नाही. घरी शिकविण्याची त्यात नाव घेऊन परवानगी नाही आणि नाव घेऊन मनाईही नाही. ह्या दोन 'नाहीं'च्या मधल्या बोळातून आमच्यासारखी कुटुंबे वाट काढीत असतात. पुढे परीक्षेची वेळ आली म्हणजे 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा दरवाजा आहे. चौदा वर्षे पूर्ण झाली की तेथे दहावीच्या परीक्षेस बसता येते. एवढे सांगितले की पाहुण्याचे समाधान होते, निदान तो चहा तरी पितो. आमच्या मते मात्र कायदा व परीक्षा हे घरच्या शिक्षणातले सोपे भाग आहेत. अवघड भाग सकाळी साडेपाचास सुरू होतो.

आम्ही पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहतो. सहाच्या सुमारास आम्हा दोघांपैकी एकजण मुलांस घेऊन टेकडीवर जातो व दुसरा घरी राहून स्वयंपाकाचे पाहतो. दुसऱ्या दिवशी पाळी बदलते. ह्या वेळी टेकडीवर मोरांचा केका ऐकू येतो. गिरिपुष्पाची झाडे थंडी सरता सरता पाने टाकून फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. एके ठिकाणी दगडाची जुनी खाण आहे. तिच्यात पाणी साचून तळे झाले आहे व त्याच्या काठाशी बसून मुले खडे फेकतात. टेकडीविषयी आमचा एकच नियम आहे. तो असा की, तेथे प्रश्न विचारण्याचा अधिकार मुलांचा आहे, आमचा नाही. 'हे झाड कोणते, सांग पाहू,' 'पूर्व दिशा कोणती,' 'येथून तेथपर्यंत किती पावले,' हे प्रश्न मोठ्या माणसाच्या जिभेच्या टोकाशी सदैव तयार असतात, आणि ते गिळणे ही आमची सकाळची पहिली तालीम होय. मुले गप्प राहिली तर आम्हीही गप्प राहतो. एके दिवशी धाकट्याने खाणीकडे पाहून विचारले, "इथला दगड कुठे गेला?" आम्ही उत्तर जुळवीत होतो, तोच खाली पसरलेल्या शहराकडे पाहून तो स्वतःच म्हणाला, "घरांत गेला." आम्ही काळ्या पाषाणाविषयी काही सांगणार होतो, परंतु इतके नेमके उत्तर मिळाल्यावर मागाहून टिपा जोडण्यात काय स्वारस्य?

सव्वासातास उतरून येताना आमच्या गल्लीत शाळेच्या रिक्षा लागलेल्या असतात. ओल्या केसांची, गळ्यात पाण्याची बाटली अडकविलेली मुले त्यांत दाटीवाटीने बसतात. खालच्या मजल्यावरची आमच्या थोरलीची मैत्रीण रिक्षातून हात हलविते, आमची थोरलीही हात हलविते, रिक्षा वळते आणि गल्ली एकाएकी रिकामी होते. ह्या रिकाम्या गल्लीत आमची मुलगी क्षणभर उभी राहते. त्या क्षणी तिच्या मनात काय येत असेल, ते आम्ही विचारीत नाही; आमच्या मनात काय येते ते मात्र आम्हांस पक्के ठाऊक आहे. शेजारच्या घरातील आई-बापांनी मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी ह्या घटकेला दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती आता आमच्या डोक्यावर चढली, हे त्या रिक्षाच्या भोंग्याने आम्हांस रोज नव्याने कळते.

साडेसातापासून नवापर्यंत घरकाम. मेथी निवडणे, पाण्याचे पिंप भरणे, अंथरुणे काढणे ही कामे मुलांकडे आहेत. दुधाचा हिशेब थोरलीकडे आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्या दिवशी दूध आले नाही त्या तारखेभोवती ती वर्तुळ काढते आणि महिनाअखेर बेरीज मांडते. आमच्या मातोश्री आमच्याजवळच असतात. त्यांच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी ही सर्व तोंडपाठ करून घेत असत आणि त्यांतली बरीचशी त्यांस अद्याप येते. गेल्या महिन्यात दूध सत्तावीस दिवस आले, रोजचे दीड लिटर. थोरली कागद शोधीत होती, तोच आजी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सत्तावीस दिडे साडेचाळीस." नातीने कागदावर गुणाकार करून पाहिला. तो बरोबर निघाला तेव्हा तिच्या मुद्रेवर जो आदर दिसला, तो आमच्या वाट्यास अजून आलेला नाही. तेव्हापासून ती रोज भाकऱ्यांच्या वेळी आजींच्या शेजारी बसून दिडकी म्हणत असते. ही दिडकी आमच्या अभ्यासक्रमात नव्हती आणि आम्ही ती तेथे घातलीही नाही.

नऊ वाजता पाठ सुरू होतात. दोन तास, म्हणजे चार अर्धे तास. पहिल्यात मोठ्याने वाचन, दुसऱ्यात गणित, तिसऱ्यात लेखन, आणि चौथ्यात इतिहास, भूगोल अथवा सृष्टिविज्ञान ह्यांपैकी त्या दिवशी जे असेल ते. दोन तास फार थोडे, असे ऐकणाऱ्यास वाटते. परंतु चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गातून हजेरी, वह्या तपासणे, शांतता करणे आणि मागे राहिलेल्यांसाठी थांबणे एवढे वजा केले, तर एका मुलाच्या वाट्यास शिक्षकाचे किती क्षण येतात, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा. दोन मुले समोर बसली असता दोन तास पुरतात, इतकेच नव्हे तर दमवितात. आमच्या ओटीवर वाडवडिलांच्या वेळचे ठोक्यांचे घड्याळ आहे. त्यात अकराचे ठोके पडले की पाठ संपतो. गणित सुटावयाचे राहिले असले तरी संपतो, वाक्य अर्धे राहिले असले तरी संपतो. त्यानंतर दिवसभर मुलांनी काही विचारले तर आम्ही सांगतो. न विचारता सांगत नाही.

ह्या शेवटच्या नियमाचे वाचकांस नवल वाटेल. घरी शिकविण्याचा मोठा लाभ म्हणजे घंटेपासून सुटका, असे सामान्यतः समजले जाते. मग बाहेरची घंटा घालवून घरात पुन्हा ठोका का आणावा? ह्याचे कारण आम्हांस एका प्रश्नातून उमगले. एके दिवशी दुपारी थोरलीने मोराचे चित्र काढले. ते पाठीमागे धरून ती दारात उभी राहिली आणि तिने विचारले, "बाबा, आत्ता तू बाबा आहेस का मास्तर?" असे का विचारतेस म्हटले, तर म्हणाली, "बाबा असशील तर दाखवते."

ह्या प्रश्नात घरच्या शिक्षणाचे सारे अवघडपण साठविलेले आहे, असे आमचे मत आहे. शाळेत जाणाऱ्या मुलास अपिलाची सोय असते. गुरुजी रागावले तर घरी आई आहे. चित्राखालच्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक म्हणून वहीत तांबडी रेघ आली, तरी तेच चित्र घरी भिंतीवर लागू शकते. घरी कोणी रागावले तर वर्गात मित्र आहेत, एखाद्या प्रेमळ बाई आहेत. एका कोर्टात हरलेला दावा दुसऱ्या कोर्टात जिंकता येतो, आणि मूल जे निर्भयपणे वाढते ते ह्या दोन कोर्टांच्या आधारावर वाढते. आमच्या घरी खालचे कोर्ट आणि वरचे कोर्ट एकच, न्यायाधीशही तेच. येथे निकाल विरुद्ध गेला तर मुलाने दाद कोठे मागावी? शाळेतील मूल संध्याकाळी घरी जाते. आमचे मूल आधीच घरी आहे. ते कोठे जाणार? म्हणून, ज्या घराने शाळा आत घेतली आहे त्या घराने दिवसाकाठी काही वेळ तिला दाराबाहेर घालविण्याचीही सोय केली पाहिजे. अकराचा ठोका ही ती सोय होय. आमचे वेळापत्रक मुलांस बांधून ठेवण्याकरिता आहे, असे पाहणारास वाटते. वस्तुतः ते आम्हांस बांधून ठेवण्याकरिता आहे.

ह्या गोष्टीचा पडताळा इतिहासातील तीन सकाळींवरून पाहण्यासारखा आहे. पहिली सकाळ लंडनच्या उपनगरातली. जॉन स्टुअर्ट मिल्ल ह्यास त्याच्या बापाने कधी शाळेत घातले नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक भाषेस आरंभ झाला. 1810 ते 1813 ह्या काळात हे कुटुंब न्यूइंग्टन ग्रीन येथे राहत असे. जेम्स मिल्ल प्रकृतीसाठी न्याहारीपूर्वी फिरावयास जाई व हा चार ते सात वर्षांचा मुलगा त्याच्याबरोबर चाले. आदल्या दिवशी वाचलेल्या ग्रंथांची टिपणे मुलाने कागदाच्या चिटोऱ्यांवर करून ठेवावी आणि चालता चालता त्यांवरून सर्व वृत्तांत बापास सांगावा, असा नेम होता. घरी परतल्यावर बाप ज्या मेजावर हिंदुस्थानचा इतिहास लिहीत बसे, त्याच मेजावर मुलगा ग्रीक शिके. शब्द अडला की बापास विचारी, आणि एरवी तापट असलेला तो गृहस्थ लेखणी थांबवून उत्तर देई. 1817 साली बाहेर पडलेल्या त्या इतिहासाच्या लेखनात असे किती खंड पडले असतील! ह्या बापाच्या कष्टाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्या घरी सुटीचा दिवस नव्हता. सुटीने कामाची सवय मोडेल अशी बापास भीती होती. अन्य मुलांची संगत नव्हती. फिरावयास जाणे हीही परीक्षाच होती. पुढे ह्या पुत्राने आपल्या आत्मचरित्रात, आपल्या समकालीनांवर पाव शतकाची आघाडी आपणांस त्या शिक्षणाने मिळवून दिली, असे कृतज्ञतेने नमूद केले; पण बापाच्या ठायी मुलांसंबंधाने उणीव कशाची असेल तर ती कोमलतेची, हेही त्याने तेथेच लिहून ठेवले. 1826 साली, विसाव्या वर्षी, त्याच्या मनास जी घोर उदासीनता आली, तिची कारणे अनेक असतील. परंतु त्या वेळी आपले दुःख बापाजवळ बोलावे असे त्यास वाटले नाही, एवढी गोष्ट आमच्यासारख्यांनी ध्यानात धरण्यास पुरेशी आहे. त्या घरी बारा वाजत असत, पण अकरा कधी वाजत नसत.

दुसरी सकाळ हिमालयातली. 1873 साली देवेंद्रनाथ ठाकुरांनी आपल्या धाकट्या मुलास, म्हणजे रवींद्रनाथांस, बरोबर घेऊन डलहौसीजवळच्या बक्रोटा टेकडीवर मुक्काम केला. रवींद्रनाथ तेव्हा बारा वर्षांच्या आतबाहेरचे होते. रात्रीचा अंधार पुरता सरला नसता बाप मुलास उठवी. त्या कडाक्याच्या थंडीत उबदार पांघरुणातून बाहेर येऊन संस्कृत नामे चालविण्याचा पाठ करावा लागे. सूर्योदयानंतर उपनिषदांतील मंत्रांनी उपासना, मग डोंगरातून फिरणे, परत आल्यावर तासभर इंग्रजी आणि दहाच्या सुमारास बर्फासारख्या पाण्याने स्नान. हा क्रम जेम्स मिल्लच्या क्रमाहून सौम्य होता, असे कोण म्हणेल? परंतु पुढचा भाग पाहा. दुपारी पुन्हा पुस्तक उघडले म्हणजे पहाटे मोडलेली झोप मुलाच्या डोळ्यांवर येई. तो पेंगू लागलेला पाहून बाप त्यास सुटी देई. आणि सुटी मिळताच झोप कोठल्या कोठे पळून जाई! मग मुलगा हाती काठी घेऊन एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर एकटा भटके आणि बाप त्याविषयी चिंतेचा एक शब्दही काढीत नसे. ह्याच प्रवासात त्यांनी आपले मोलाचे सोन्याचे घड्याळ किल्ली देण्यासाठी मुलाच्या हवाली केले होते. मुलाने इतक्या उत्साहाने किल्ली दिली की, अखेरीस ते दुरुस्तीसाठी कलकत्त्यास धाडावे लागले. पुत्राने ही हकीकत चाळीस वर्षांनी जीवनस्मृतीत जेवढ्या प्रेमाने सांगितली आहे, तेवढ्या प्रेमाने संस्कृत नामांविषयी सांगितलेली नाही. देवेंद्रनाथांस पाठ सुरू करणे जसे ठाऊक होते, तसे तो संपविणेही ठाऊक होते.

तिसरी सकाळ आपल्याच भाषेच्या माणसांची आहे आणि आमच्या मनास ती सर्वांत जवळची वाटते. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्यासाठी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. 1858 साली तेथे रमाबाईंचा जन्म झाला. लवकरच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि वर्षानुवर्षे हिंडत राहिले. रमाबाई आठेक वर्षांच्या झाल्या तेव्हा शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते, म्हणून मुलीस शिकविण्याचे काम आईने पत्करले. परंतु दिवस उजाडला की प्रवास, पाणी, स्वयंपाक आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वास्तपुस्त. आईजवळ मोकळा वेळ असा पहाटेचाच. भुईवर झोपलेल्या मुलीस ती गोड शब्दांनी उठवी, आणि पाखरांची किलबिल चालली असता आईने म्हणावे व मुलीने मागून म्हणावे, असा पाठ चाले. पुस्तक नसे, आईचे मुख हेच पुस्तक. ह्या पहाटेच्या पुंजीवर रमाबाई 1878 साली कलकत्त्यास गेल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

लक्ष्मीबाईंस वेळ फार थोडा होता, ह्याबद्दल हळहळ वाटणे साहजिक आहे. आम्ही मात्र त्या टंचाईकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. दिवस उगवला की ती माउली पंतोजी राहतच नसे. ती चुलीपाशी आई होत असे. कामाच्या रगाड्याने तिच्यासाठी जे केले, ते आम्हांस घड्याळाकडून करवून घ्यावे लागते, एवढाच काय तो फरक. आमच्याजवळ नळ आहे, गॅसची शेगडी आहे, छापील पुस्तके घरभर आहेत; म्हणजे दिवसभर मास्तर राहण्याची सर्व साधने अनुकूल आहेत. भय ते हेच.

हल्ली घरच्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांत असे मोठ्या उत्साहाने म्हटले जाते की, निराळ्या पाठांची गरजच काय? जीवन हाच पाठ. पोळीचे चार तुकडे केले की अपूर्णांक झाले, बाजारात गेले की अर्थशास्त्र झाले, आंघोळीच्या बादलीत आर्किमिडीज भेटला. ह्यात सत्यांश नाही असे नाही. आजींच्या दिडकीचे उदाहरण आम्ही वर दिलेच आहे. परंतु दिडकी गोड लागली, कारण ती शिकविण्याच्या हेतूने म्हटली गेली नव्हती. ज्या घरी प्रत्येक पोळीचे अपूर्णांक होतात, त्या घरी पोळी खाण्यास कोण धजावेल? मुलाने ढगांकडे पाहावे आणि लगेच बापाने बाष्पीभवन काढावे. मुलाने रडावे आणि आईने त्यात भावनांच्या शिक्षणाची संधी पाहावी. अशाने मुलाचा एकही क्षण बिनदेखरेखीचा उरत नाही. शाळा निदान पाच-सहा तासांनी सोडते. जीवन हीच शाळा केली, तर मूल सुटणार केव्हा? अति तेथे माती ही म्हण कळकळीसही लागू आहे.

अकराचा ठोका पाळणे सोपे आहे, असे मात्र कोणी समजू नये. पाठ कंटाळवाणा चालला असेल, तर तो थांबविण्यास कष्ट पडत नाहीत. परंतु कधी कधी पावणेअकराच्या सुमारास मुलाच्या डोळ्यांत अशी काही चमक येते की, आणखी दहा मिनिटे मिळाली तर आपण ह्यास अर्धे गणितशास्त्र शिकवून टाकू, असे वाटू लागते. त्या दिवशी ठोका पडला म्हणजे मन चरफडते. तरीही आम्ही उठतो. मुलास हवे असेल तर ते खुशाल बसून राहील. बसते तेव्हा ते स्वतःचे असते. धाकटा अशा वेळी बहुधा अंगणात धावतो. थोरली मात्र दहांतून तीन-चार वेळा वही पुढे ओढून तशीच बसून राहते, आणि दुपारी केव्हातरी आपण होऊन येऊन सांगते, की ते सुटले. हे तीन-चार दिवस आमच्या शिकविण्याची खरी कमाई होत, अशी आमची समजूत आहे. आणि ते दिवस आम्ही उठून गेल्यामुळेच येतात.

शाळेविषयी आमच्या मनात अनादर आहे, असा ग्रह वरील विवेचनाने कोणाचा होऊ नये. ज्या पुण्यात आम्ही मुलांस घरी बसवून शिकवितो, त्याच पुण्यात 1848 साली भिड्यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली, ती घरी शिकणे ज्यांच्या नशिबी नव्हते त्यांच्यासाठी. विद्या घरच्या घरीच राहावी, असा नियम ह्या देशात शेकडो वर्षे होता. ज्यांच्या घरी ती होती त्यांच्या घरी राहिली आणि ज्यांच्या घरी नव्हती ते वंचित राहिले. शाळेच्या दाराने ती कोंडी फोडली. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, आईच्या मुखातून शिकलेल्या रमाबाईंनी 1889 साली मुंबईस शारदा सदन काढले, आणि शाळेच्या बाकावर न रमलेल्या रवींद्रनाथांनी 1901 साली शांतिनिकेतनात शाळा सुरू केली. घरच्या शिक्षणाची गोडी ज्यांनी चाखली, त्यांस ते सर्वांच्या घरी मिळणारे नाही, हेही कळले होते. आम्हा दोघांपैकी एकजण अर्धाच दिवस नोकरी करतो. तेवढ्या मिळकतीत घर चालते आणि आजी घरी आहेत, म्हणून आम्हांस हे साधते. ज्या घरी दोघांनाही सातच्या लोकलला धावावे लागते, त्या घरास आमचा दिनक्रम शिकविणे हा निव्वळ उद्धटपणा होईल.

शिवाय, शाळा जे देते त्यातले काही आम्हांस देता येत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपल्याला न आवडणाऱ्या मुलाशेजारी वर्षभर बसणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, आणि आपण आई-बापांस जितके विशेष वाटतो तितके जगास वाटत नाही हे दुःखाविना शिकणे, ह्या गोष्टी ओटीवर शिकविता येत नाहीत. म्हणून संध्याकाळी शाळेच्या रिक्षा परतल्या की आमची मुले मैदानावर त्या मुलांत मिसळतात, खो-खोत बाद होतात, भांडतात आणि रडत घरी येतात. रडत येतात तेव्हा ती घरी येतात, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. कारण त्या वेळी त्यांस घर हे घर म्हणून भेटले पाहिजे.

मुले घरी शिकवावी की शाळेत, ह्या वादाचा निकाल करण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. परंतु ज्यांनी हा मार्ग धरला आहे अथवा धरण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, कोणती पुस्तके घ्यावी व कोणती पद्धत धरावी, ह्याचा खल करण्यापूर्वी आपण किती वाजता थांबणार ते ठरवावे. सुरुवात करणारे पुष्कळ असतात. कळकळ ही आई-बापांस शिकवावी लागत नाही. थांबण्याची विद्या मात्र आपली आपणांसच रोज सकाळी शिकावी लागते, आणि तिची परीक्षा मुले घेतात. मोराचे ते चित्र त्या दुपारी आम्हांस पाहावयास मिळाले. त्याखाली काय लिहिले होते व कसे लिहिले होते, ते आम्ही कोणास सांगणार नाही.